मोटार-शर्यतींतील उमेदवारी

मार्च २०१५ मध्यें ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं फॉर्म्युला वन या मोटार-शर्यतींच्या मालिकेचा नवा हंगाम सुरू झाला, तेव्हां शर्यतीच्या रांगेंत मॅक्स व्हर्स्टापन नांवाचा एक डच मुलगा मोटार घेऊन सज्ज होता. त्याचें वय सतरा वर्षें आणि साडेपांच महिने इतकें होतें. ताशीं तीनशें किलोमीटरांच्या वेगानें मोटार हांकण्याची परवानगी त्याच्यापाशीं होती. परंतु सार्वजनिक रस्त्यावर साधी घरगुती मोटार चालविण्याचा परवाना मात्र नव्हता. तो त्याला त्याच वर्षीं ३० सप्टेंबर रोजीं, म्हणजे अठरावें वर्ष पूर्ण झालें त्या दिवशीं, रीतसर परीक्षा देऊन मिळाला. ही हकीकत पुष्कळांना गंमतीची वाटली. पण ज्या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाकडे या खेळाचें नियमन आहे, त्यानें ती हंसण्यावारी नेली नाहीं. २०१६ पासून फॉर्म्युला वनमध्यें उतरणारा चालक अठरा वर्षांचा असला पाहिजे, त्याच्यापाशीं रस्त्यावरचा परवाना असला पाहिजे, आणि खालच्या शर्यतींत त्यानें ठराविक गुण मिळविलेले असले पाहिजेत, असे निर्बंध आले.

अठराव्या वर्षीं ज्यानें या शिखरावर पोंचावयाचें, त्यानें उमेदवारीला सुरुवात तरी केव्हां करावी? आपल्याकडे गवयाचा मुलगा बोबडे बोल बोलूं लागला कीं तंबोऱ्याजवळ बसतो, आणि पैलवानाचा मुलगा चालूं लागला कीं तालमीच्या तांबड्या मातींत लोळतो. या विद्येचेंहि तसेंच आहे. व्हर्स्टापनचा बाप योस हा स्वतः फॉर्म्युला वनचा चालक होता आणि आई सोफी कुंपेन हिनेंहि कार्टच्या शर्यती गाजविल्या होत्या. मुलगा साडेचार वर्षांचा झाला तेव्हांच त्याचे हात कार्टच्या चक्रावर पडले होते.

ही कार्ट म्हणजे काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण आजच्या जवळजवळ प्रत्येक नामांकित चालकाची मुळाक्षरें याच पाटीवर गिरविलेलीं असतात. १९५६ सालीं कॅलिफोर्नियांत आर्ट इंगल्स या शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारागिरानें पोलादी नळ्यांचा एक ठेंगणा सांगाडा जोडला, त्याला चार लहान चाकें लावलीं आणि गवत कापण्याच्या यंत्राचें इंजिन मागें बसविलें. मोठ्यांनीं फावल्या वेळीं करमणूक करावी एवढाच त्यांत हेतु होता. परंतु हें खेळणें मुलांच्या हातीं गेलें आणि त्याची पाठशाळा झाली. आज शर्यतीच्या कार्टवर किशोरवयीन मुलें ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवतात. बसण्याची जागा जमिनीपासून जेमतेम बोटभर उंचीवर असते. कमरेला पट्टा नसतो, डोक्यावर छत नसतें.

या वाहनांत एक मोठी उणीव मुद्दाम ठेवलेली आहे, आणि तीच खरी गुरु आहे. साध्या मोटारीचीं मागचीं दोन चाकें वळणावर निरनिराळ्या गतीनें फिरूं शकतात. तशी सोय करणें अवश्यच असतें. कारण वळतांना बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा घ्यावा लागतो आणि आंतल्याला जवळचा. कार्टला मात्र मागें एकच अखंड कणा असतो आणि दोन्ही चाकें त्याला घट्ट बांधलेलीं असतात. मग ती वळणार कशी? ती वळते, कारण चक्र फिरविलें कीं पुढच्या चाकांच्या विशिष्ट ठेवणीमुळें सांगाडा किंचित् पिळवटतो आणि मागचें आंतलें चाक क्षणभर जमिनीवरून उचललें जातें. हें चाक फार थोडें उचललें तर कार्ट अडखळते आणि सरळ जाऊं पाहते. फार वेळ अधांतरीं राहिलें तर वेग वायां जातो. धक्के शोषून घेणाऱ्या स्प्रिंगा नसल्यामुळें धावपट्टीचा प्रत्येक खडा अंगाला कळतो. किती उचलावें, केव्हां टेंकवावें, ब्रेक कोठें सोडावा, हें कोणत्याहि पुस्तकांत लिहून शिकवितां येत नाहीं. आठ-नऊ वर्षांचें पोर तें पाठीनें आणि मांड्यांनीं शिकतें. भाषा जशी लहानपणीं व्याकरणावांचून येते तशीच ही. विशींत प्रथम आरंभ करणाऱ्या माणसाला नियम समजतात. पण गाडी घसरूं लागण्यापूर्वीं कळावें, तें घसरल्यानंतर कळतें.

कार्टच्या शर्यतींत मुलाला दुसरी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे गर्दीची संवय. तीस-तीस कार्ट एकमेकींना चिकटून पहिल्या वळणांत शिरतात. पुढच्या गाडीमागें हवेचा विरोध कमी होतो, त्या आडोशानें वेग घ्यावयाचा आणि वळण येण्याआधीं नेमक्या क्षणीं बाहेर पडून आंतली बाजू धरावयाची. हें करतांना भीति वाटली तर संधि जाते, आणि भीति मुळींच वाटली नाहीं तर दोघेहि जायबंदी होतात. या वयांतील मुलांचे बाप धावपट्टीच्या कठड्याशीं उभे राहून घसा कोरडा करीत असतात, तें दृश्य शाळेच्या स्नेहसंमेलनाहून फारसें निराळें नसतें.

पंधराव्या वर्षीं मुलगा कार्टमधून खऱ्या एकेरी आसनाच्या मोटारींत येऊं शकतो. पूर्वीं या पायरीवर प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी होती. महासंघानें २०१४ पासून फॉर्म्युला फोर ही पायरी बांधून काढली. त्या वर्षीं इटलींत झालेल्या पहिल्या स्पर्धेंत कॅनडाचा लान्स स्ट्रोल हा विजेता ठरला. त्याच्या वर प्रादेशिक मालिका, मग फॉर्म्युला थ्री, मग फॉर्म्युला टू, अशा पायऱ्या आहेत. फॉर्म्युला थ्रीच्या मोटारीची शक्ति सुमारें ३८० अश्वशक्ति आणि फॉर्म्युला टूच्या मोटारीची सुमारें ६२०. या वरच्या दोन पायऱ्यांवर सर्व संघांना एकाच कारखान्याचा सांगाडा, एकाच जातीचें इंजिन आणि एकाच कंपनीचे टायर घ्यावे लागतात. प्रश्नपत्रिका एकच असली म्हणजे विद्यार्थ्यांची पारख होते, असा यामागील विचार आहे. विचार चांगला आहे. परंतु प्रश्नपत्रिका एक असली तरी शिकवणी एक नसते. इटलींतील प्रेमा या संघासारख्या मुरलेल्या संघाकडे मागच्या कित्येक वर्षांची टिपणें असतात आणि नाणावलेले अभियंते असतात. त्या संघांत जागा मिळविणें हीच निम्मी शर्यत, आणि ती धावपट्टीवर होत नाहीं.

येथें मुलाला शिकावें लागतें तें कार्टहून वेगळें. टायर किती तापवावे आणि किती जपावे हा फॉर्म्युला टूमधील मोठा अभ्यास होय. पहिल्या दहा फेऱ्यांत जो उधळपट्टी करतो तो शेवटच्या दहांत भिकेला लागतो. सराव संपतांच चालक अंघोळीला न जातां अभियंत्याजवळ बसतो आणि आपण कोणत्या वळणावर किती ब्रेक दाबला याच्या रेषा सोबत्याच्या रेषांशीं ताडून पाहतो. शरीराचीहि परीक्षा असते. फॉर्म्युला वनची मोटार जोरानें ब्रेक दाबून मंदावते तेव्हां शिरस्त्राणासह डोकें स्वतःच्या वजनाच्या चार-पांच पट जड झाल्यासारखें पुढें ओढलें जातें. म्हणून हीं मुलें आपल्याकडील मल्लांप्रमाणें मानेचे व्यायाम करतात.

आतां गुणांची गोष्ट. फॉर्म्युला वनसाठीं जो श्रेष्ठ परवाना लागतो, त्याला तीन वर्षांत मिळून चाळीस गुण हवेत. फॉर्म्युला टूमध्यें पहिल्या तिघांना प्रत्येकीं चाळीस गुण मिळतात, चौथ्याला तीस, पांचव्याला वीस. मग उतरण एकदम तीव्र होते आणि सहाव्याला दहा व सातव्याला आठच मिळतात. फॉर्म्युला थ्रीच्या विजेत्याला तीस आणि फॉर्म्युला फोरच्या विजेत्याला बारा. याखेरीज फॉर्म्युला वनच्या मोटारींत तीनशें किलोमीटरांचा सराव आणि नियमांची तोंडओळख असल्याची परीक्षा, हेंहि आहे. अमेरिकेंतील कोल्टन हर्टा हा इंडीकार नांवाच्या मोठ्या मालिकेंत अनेक शर्यती जिंकलेला चालक. २०२२ सालीं एका फॉर्म्युला वन संघाला तो हवा होता. पण चाळीस गुण भरले नाहींत म्हणून महासंघानें सवलत नाकारली. अखेर त्यानें २०२५ सालीं इंडीकार सोडून २०२६ च्या हंगामांत फॉर्म्युला टूमध्यें, म्हणजे कालपरवां मिसरूड फुटलेल्या मुलांच्या वर्गांत, बसण्याचा निश्चय जाहीर केला. परीक्षेचा नियम कडक असावा हें योग्यच; तथापि अमेरिकेच्या परीक्षेला कमी भाव आणि युरोपच्या परीक्षेला अधिक, ही पद्धत सर्वांनाच न्याय्य वाटते असें नाहीं. मुळांत जे निर्बंध व्हर्स्टापनमुळें आले, ते त्याच्या वेळीं असते तर तोच अडला असता. कारण कार्ट सोडल्यावर त्यानें २०१४ चा एकच हंगाम मोटारींच्या शर्यतींत काढला होता, आणि युरोपच्या फॉर्म्युला थ्रींत त्याचा क्रमांक तिसरा होता.

इथवर सारें विद्येचें झालें. यापुढें पैशाचें बोललें पाहिजे, आणि तेंच या वाटेवरचें खरें खांचखळग्यांचें स्थान आहे. फॉर्म्युला टूच्या एका हंगामाला वीस लक्ष युरो किंवा त्याहून अधिक खर्च येतो, असा जाणकारांचा अदमास आहे. संघ मुलाला पगार देत नाहीं. मुलगाच संघाला पैसे देतो. आठ वर्षांच्या मुलाचा बाप पहिली कार्ट विकत घेतो, तेव्हां पुढें दहा वर्षें ही पेवें भरीत राहावें लागणार आहे याची त्याला कल्पना नसते.

फ्रान्समधील नॉर्मंडींत एस्तेबान ओकॉन या मुलाचा बाप मोटार-दुरुस्तीचा धंदा करीत होता. मुलाचें कौशल्य दिसूं लागलें तेव्हां त्या कुटुंबानें राहतें घर विकलें, आणि सर्व जण एका चाकांच्या घरांत राहून गांवोगांवच्या धावपट्ट्यांना जाऊं लागले. मुलानें हरूं नये असें नव्हतें. हरणें त्याला परवडणारेंच नव्हतें. सुदैवानें त्याला आश्रयदाते मिळाले आणि २०१६ सालीं तो फॉर्म्युला वनमध्यें पोंचला. २०१८ सालीं तो ज्या फोर्स इंडिया संघांत होता, तो संघ बुडीत निघाला आणि लॉरेन्स स्ट्रोल या कॅनेडियन धनिकाच्या मंडळीनें विकत घेतला. हा लॉरेन्स म्हणजे वर उल्लेखिलेल्या लान्सचा बाप. पुढच्या हंगामांत लान्स त्या संघाच्या मोटारींत बसला, आणि ओकॉन २०१९ सालभर राखीव चालक म्हणून कठड्यापलीकडे उभा राहिला. याचा अर्थ लान्स अगदींच अपात्र होता असा कोणी करूं नये. इटलीच्या फॉर्म्युला फोरप्रमाणें २०१६ ची युरोपची फॉर्म्युला थ्री स्पर्धाहि त्यानें जिंकलेली होती. परंतु एकाला चूक करण्यास वाव होता व दुसऱ्याला नव्हता, एवढें मात्र खरें. ओकॉनला पुढें दुसऱ्या संघांत जागा मिळाली आणि २०२१ सालीं हंगेरीची शर्यत त्यानें जिंकली.

लुईस हॅमिल्टनची कथा याहून प्रसिद्ध आहे. इंग्लंडमधील स्टीव्हनेज गांवच्या या मुलाच्या हौशीसाठीं त्याच्या बापानें एकावेळीं अनेक कामें धरलीं. १९९५ सालीं एका पारितोषिक-समारंभांत दहा वर्षांच्या लुईसनें मॅक्लारेन संघाचे प्रमुख रॉन डेनिस यांना गांठून, आपल्याला एक दिवस तुमच्या मोटारी चालवावयाच्या आहेत, असें धीटपणें सांगितलें. १९९८ मध्यें मॅक्लारेननें त्याला आपल्या पंखाखालीं घेतलें, २००७ मध्यें मोटार दिली, आणि २००८ मध्यें तो जगज्जेता झाला. एकूण सात वेळां त्यानें तें पद मिळविलें.

संस्थानिकांनीं मल्ल पदरीं बाळगावे तशी ही पद्धत आतां सर्वत्र रूढ झाली आहे. रेड बुल कंपनीनें २००१ पासून होतकरू चालकांचा तांडा बाळगला. त्यांतून सेबास्टियन फेटेल आणि व्हर्स्टापन हे जगज्जेते निघाले. फेरारीची शाळा २००९ मध्यें निघाली. शार्ल लक्लेर हा तिचा विद्यार्थी. मर्सिडीझनें इटलीच्या बोलोन्या शहरांतील किमी आंतोनेल्ली याला बालवयांतच हेरलें, फॉर्म्युला थ्रीची पायरी गाळून २०२४ मध्यें एकदम फॉर्म्युला टूमध्यें बसविलें आणि २०२५ मध्यें वरच्या आसनावर. या मुलाची एक गोष्ट कोणाहि शिक्षकाला संतोष देणारी आहे. फॉर्म्युला वनचा पहिला हंगाम ऐन भरांत असतां, २०२५ च्या उन्हाळ्यांत, त्यानें दोन शर्यतींच्या मधल्या दिवसांत शालान्त परीक्षा दिली आणि ती उत्तीर्णहि झाला. असे विद्यार्थी थोडे. बहुतेकांच्या शिक्षणाची वही चौदाव्या-पंधराव्या वर्षींच मिटते, आणि शर्यतीची वाट बंद झाली कीं हाताशीं दुसरी विद्या नसते. घरोघरच्या वडील माणसांनीं ही गोष्ट दृष्टीआड करूं नये.

आश्रयदात्याची छाया गोड असली तरी तिला किंमत असते. कंपनी खर्च करते आणि मोबदल्यांत मुलाचीं पुढचीं वर्षें करारानें बांधून घेते. वर्षभर यश न आल्यास त्याला वाटेवर सोडूनहि देते. ऑस्ट्रेलियाचा ऑस्कर पियास्त्री चौदाव्या वर्षीं घर सोडून इंग्लंडांत वसतिगृहांत राहिला. २०१९ मध्यें फॉर्म्युला रेनॉ, २०२० मध्यें फॉर्म्युला थ्री, २०२१ मध्यें फॉर्म्युला टू, अशीं ओळीनें तीन विजेतेपदें त्यानें घेतलीं. याहून अधिक एखाद्या मुलानें काय करावें? तरी २०२२ सालीं त्याला जागा नव्हती. आल्पीन संघानें त्याला राखीव ठेवलें, आणि त्या ऑगस्टमध्यें पुढच्या वर्षीं तो आमच्याकडून धांवेल असें परस्पर जाहीर केलें. त्यानें त्याच दिवशीं उघडपणें तें नाकारलें. प्रकरण करारांचा निवाडा करणाऱ्या मंडळापुढें गेलें, निकाल मॅक्लारेनच्या बाजूनें लागला, आणि २०२३ मध्यें तो मॅक्लारेनकडून उतरला.

पियास्त्रीचें निभावलें, सर्वांचें निभावत नाहीं. २०२५ पर्यंत फॉर्म्युला वनमध्यें दहा संघ आणि वीसच जागा होत्या; कॅडिलॅक हा अकरावा संघ आल्यामुळें २०२६ पासून त्या बावीस झाल्या. एखादा चालक वीस-वीस वर्षें आसन सोडीत नाहीं. खालच्या वर्गाची परीक्षा मात्र दर वर्षीं होते आणि दर वर्षीं एक पहिला येतो. ब्राझीलचा फेलिपे द्रुगोविच २०२२ सालीं फॉर्म्युला टूचा विजेता झाला, फ्रान्सचा तेओ पूर्शेर २०२३ सालीं. नियमाप्रमाणें विजेत्याला पुन्हां त्या वर्गांत बसतां येत नाहीं, आणि वर तर जागा नव्हती. म्हणजे पहिला येण्याचें बक्षीस वर्गाबाहेर उभें राहणें हें ठरलें. उलट २०२४ चा विजेता गाब्रिएल बोर्तोलेतो याला लगेच जागा मिळाली, कारण त्या सुमारास एका संघानें दोन्ही चालक बदलावयाचें ठरविलें होतें. मुलींची वाट तर याहून अरुंद. जागतिक विजेतेपदाच्या फॉर्म्युला वन शर्यतींत शेवटची स्त्री धांवली ती १९७६ सालीं, इटलीची लेला लोंबार्दी. २०२३ मध्यें खास मुलींसाठीं फॉर्म्युला वन अकादमी ही मालिका सुरू झाली, तिची मोटार फॉर्म्युला फोरच्या तोडीची आहे. वरच्या पायऱ्या मात्र मुलींनाहि त्याच चढावयाच्या आहेत.

भारतांत या विद्येचें माहेर मद्रास आणि कोइमतूर. कोइमतूरच्या नारायण कार्तिकेयन याचे वडील स्वतः शर्यतपटु होते; मुलाला त्यांनीं फ्रान्समधील चालन-शाळेंत पाठविलें, आणि २००५ सालीं जॉर्डन संघाकडून तो फॉर्म्युला वनमध्यें उतरलेला पहिला भारतीय झाला. २०१० मध्यें मद्रासच्या करुण चंडोकनें तीच मजल गांठली. २०११ ते २०१३ अशीं तीन वर्षें दिल्लीजवळ ग्रेटर नॉयडा येथें फॉर्म्युला वनची शर्यतहि भरली. महाराष्ट्रांतहि या खेळाचें बीज आहे. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या कोल्हापूरच्या धावपट्टीवर झालेल्या आहेत. मुंबईच्या जेहान दारुवालाची निवड २०११ सालीं फोर्स इंडिया संघानें देशभर शोध घेऊन निवडलेल्या तीन मुलांत झाली. पुढें तो युरोपांत गेला, २०१७ मध्यें न्यूझीलंड ग्रां प्री जिंकला, २०१९ मध्यें फॉर्म्युला थ्रींत तिसरा आला, २०२० च्या डिसेंबरांत बहारीनमध्यें फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला. २०२१ आणि २०२२ या दोन्ही हंगामांत तो सातवा होता. सातव्याला आठ गुण, हें वर आलेंच आहे. २०२२ मध्यें मॅक्लारेननें त्याला आपल्या जुन्या मोटारींत सराव करूं दिला. आसन मात्र कोणीं दिलें नाहीं, आणि २०२३ च्या हंगामानंतर तो विजेच्या मोटारींच्या फॉर्म्युला ई मालिकेंत गेला.

त्याच्या मागोमाग बंगळूरचा कुश मैनी फॉर्म्युला टूमध्यें आला. मे २०२५ मध्यें मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर, जेथें पुढच्याला ओलांडणें जवळजवळ अशक्य असतें, तेथील छोटी शर्यत त्यानें जिंकली आणि तेथें भारताचें राष्ट्रगीत वाजलें. परवान्याचे गुण मात्र एका शर्यतीवर मिळत नाहींत. ते हंगामाच्या अखेरच्या क्रमांकावर मोजले जातात.